पहिल्या गोळीच्या वाटेत

४ मे १९३९ रोजी पॅरिसच्या 'लव्र' या दैनिकात मार्सेल देआ या फ्रेंच राजकारण्याचा लेख आला. मथळा प्रश्नार्थक होता: डॅन्झिगसाठी मरायचे? डॅन्झिग हे बाल्टिक समुद्रावरचे बंदर, राष्ट्रसंघाच्या देखरेखीखालचे मुक्त शहर. हिटलरला ते हवे होते. पोलंडशी फ्रान्सचा १९२१ पासून लष्करी करार होता आणि ३१ मार्च १९३९ ला ब्रिटनने पोलंडच्या स्वातंत्र्याची जाहीर हमी दिली होती. फ्रेंच शेतकऱ्याच्या पोराने त्या दूरच्या शहरापायी जीव का द्यावा, असा देआच्या लेखाचा मथितार्थ.

१ सप्टेंबरला जर्मन फौजा पोलंडमध्ये घुसल्या. ब्रिटन आणि फ्रान्सने शब्द पाळला आणि ३ सप्टेंबरला दोघांनीही युद्ध पुकारले. पण फ्रेंच सैन्य जर्मनीच्या सार प्रांताच्या सीमेवर काही किलोमीटर पुढे सरकले आणि मागे फिरले. महिना संपायच्या आत वॉर्सा पडले. युद्ध संपेपर्यंत पोलंडचे सुमारे ६० लाख नागरिक मृत्युमुखी पडले होते.

हमी पाळली जाणे वेगळे आणि हल्ला करू पाहणाऱ्याला ती आधीच खरी वाटणे वेगळे. वर्षभरापूर्वी म्युनिकमध्ये फ्रान्सने आपल्या दुसऱ्या मित्रावर, चेकोस्लोव्हाकियावर, पाणी सोडलेले हिटलरने पाहिले होते. पोलंडसाठी हे देश लढतील, यावर त्याचा विश्वास बसेना. शिवाय ते लढतो म्हणाले तरी त्या घडीला पोलंडच्या भूमीवर त्यांचा एकही सैनिक नव्हता.

दहा वर्षांनी, ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये बारा देशांनी उत्तर अटलांटिक करारावर सह्या केल्या आणि नाटोचा जन्म झाला. त्यातले कलम पाच जगभर ठाऊक आहे: एकावरचा सशस्त्र हल्ला हा सर्वांवरचा हल्ला मानला जाईल. या कलमाचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. हल्ला झाल्यास प्रत्येक सदस्य 'आवश्यक वाटेल ती' कृती करील, त्यात सशस्त्र बळाचा वापरही येतो, अशी ती तरतूद आहे. काय आवश्यक आहे हे प्रत्येकाने आपले आपण ठरवायचे. अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला दिला आहे आणि तो एखाद्या कराराच्या हवाली करायला तिथली सिनेट तयार नव्हती, म्हणून ही पळवाट राहिली. कायद्याच्या काटेकोर अर्थाने एखादा सदस्य निषेधाचा खलिता आणि औषधांच्या पेट्या पाठवून मोकळा होऊ शकतो.

नाटोचा पाऊणशे वर्षांचा लष्करी इतिहास म्हणजे ही पळवाट माणसांनी बुजवण्याचा इतिहास आहे.

शीतयुद्धात त्याची दोन रूपे दिसली. पहिले पश्चिम बर्लिनचे. पूर्व जर्मनीच्या पोटात, चहूबाजूंनी सोव्हिएत फौजांनी वेढलेल्या त्या अर्ध्या शहरात अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स मिळून सुमारे बारा हजार सैनिक ठेवीत. सोव्हिएत सैन्याने ठरवले असते तर ते काही दिवसांत संपले असते. मग ते तिथे कशासाठी होते? अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९६६ मध्ये याचे निष्ठुर वाटेल इतके सरळ उत्तर दिले: ते तिथे मरू शकतात, म्हणून. शहर त्यांच्याने वाचणार नाही. पण त्यांच्या मृत्यूनंतर वॉशिंग्टनमधल्या कुठल्याही अध्यक्षाला स्वस्थ बसता येणार नाही, हे मॉस्कोला कळत होते. संघर्ष आणि सहकार्याच्या अभ्यासासाठी शेलिंग यांना २००५ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

दुसरे रूप पश्चिम जर्मनीच्या पूर्व सरहद्दीवरचे. तिथे नाटोने आपल्या फौजा देशवार पट्ट्यांत मांडल्या होत्या. उत्तरेकडून सुरुवात केली तर आधी डच, मग जर्मन, मग ब्रिटिश, मग बेल्जियन. त्याखाली पुन्हा जर्मन, दोन अमेरिकी आणि शेवटी आणखी एक जर्मन कोअर. सेनापतींच्या दृष्टीने ही मांडणी डोकेदुखीची होती. प्रत्येकाची रसद वेगळी, भाषा वेगळी, संदेशयंत्रणा वेगळी आणि दोन देशांच्या पट्ट्यांमधला सांधा हमखास कच्चा. पण मोठ्या आघाडीवर हल्ला झाला असता तर पहिल्याच दिवशी चार-पाच देशांचे सैनिक पडले असते आणि आपला यात काय संबंध, असे म्हणायला त्यांपैकी एकाही राजधानीला तोंड उरले नसते. लष्करी सोय सोडून राजकीय बांधिलकी विकत घेतलेली होती, आणि तो सौदा शहाणपणाचा होता.

सगळीकडे हाच साचा बसला नाही. नॉर्वे हा संस्थापक सदस्य, सोव्हिएत संघाशी त्याची सुमारे २०० किलोमीटरची सरहद्द. परकीय तळ दिले तर शेजारी बिथरेल आणि न दिले तर मदत वेळेवर पोहोचणार नाही, या कात्रीत सापडलेल्या नॉर्वेने १९४९ मध्येच जाहीर केले की शांततेच्या काळात आपल्या भूमीवर परकीय लढाऊ तळ असणार नाहीत. त्याऐवजी १९८० च्या दशकापासून ट्रॉन्डेलागच्या डोंगरांतल्या गुहांमध्ये अमेरिकी मरीन दलाची शस्त्रे आणि वाहने साठवली गेली. माणसे विमानाने यायची, सामान आधीच हजर. १९६० मध्ये नाटोने टोकाच्या सदस्यांसाठी, म्हणजे उत्तरेला नॉर्वे आणि दक्षिणेला ग्रीस-तुर्कस्तानसाठी, अनेक देशांच्या तुकड्यांचे एक फिरते दलही उभे केले. संकटाच्या वेळी घाईने धाडायचे हे दल लढाईपेक्षा झेंडे दाखवण्यासाठी अधिक होते.

शीतयुद्ध संपले आणि सरहद्द पूर्वेला सरकली. २९ मार्च २००४ रोजी एस्टोनिया, लात्व्हिया आणि लिथुआनिया नाटोत आले. तिन्ही देशांची लोकसंख्या मिळून साधारण ६० लाख. लात्व्हिया आणि एस्टोनियाला रशिया थेट लागून आहे. लिथुआनियाच्या एका अंगाला रशियाचा तुटक प्रदेश कालिनिनग्राड, तर दुसऱ्या अंगाला बेलारूस. या दोहोंमधून लिथुआनिया आणि पोलंडला जोडणारी जमिनीची अरुंद पट्टी म्हणजे सुवाल्कीची खिंड, सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर. पश्चिमेकडून रस्त्याने येणारी सगळी कुमक तिथूनच यायची. उत्तरेला एस्टोनियात नार्वा हे शहर आहे, सुमारे ५० हजार वस्तीचे आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक रशियन भाषक. नदीच्या अलीकडे हर्मानचा किल्ला, पलीकडे रशियाचा इवानगोरोदचा किल्ला आणि मध्ये एक पूल.

या तिघांची स्मृती युरोपातल्या इतर देशांपेक्षा वेगळी आहे. २३ ऑगस्ट १९३९ च्या मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप कराराच्या गुप्त पुरवणीत त्यांची वाटणी झाली. त्या शरद ऋतूत 'परस्पर साहाय्य' करार गळ्यात मारून सोव्हिएत संघाने तिथे लष्करी तळ उभारले, जून १९४० मध्ये निर्वाणीचे खलिते दिले आणि ऑगस्टमध्ये तिन्ही देश गिळले. १४ जून १९४१ च्या रात्री सुरू झालेल्या धरपकडीत ४० हजारांहून अधिक माणसे मालगाडीच्या डब्यांत कोंबून पूर्वेकडे नेली गेली. मार्च १९४९ मध्ये पुन्हा काही दिवसांत सुमारे ९० हजार, त्यात बहुसंख्य बायका, मुले आणि म्हातारी माणसे. स्वातंत्र्य परत मिळाले १९९१ मध्ये, आणि एस्टोनिया-लात्व्हियातून शेवटच्या रशियन फौजा निघाल्या त्या ३१ ऑगस्ट १९९४ रोजी. या देशांच्या संरक्षणाबद्दल बोलताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही. पुढच्या सगळ्या वादाचे मूळ तिथेच आहे.

सदस्यत्व मिळाले खरे, पण पहिली दहा वर्षे त्याचे दृश्य रूप म्हणजे लिथुआनियातल्या शाउल्याय तळावर आळीपाळीने येणारी मोजकी लढाऊ विमाने, कारण तिघांपैकी कोणाकडेच स्वतःची लढाऊ विमाने नव्हती. सदस्य झाल्यानंतर कित्येक वर्षे त्यांच्या बचावाची तपशीलवार योजनाही नाटोकडे नव्हती. रशियाला शत्रू मानायचेच नाही, असा तो काळ. १९९७ च्या नाटो-रशिया करारनाम्यात, सुरक्षेची परिस्थिती आहे तशी राहिली तर नव्या सदस्यांच्या भूमीवर मोठ्या लढाऊ फौजा कायमच्या ठेवण्याचा विचार नाही, असेही नाटोने लिहून दिले होते.

मग ऑगस्ट २००८ मध्ये रशियन सैन्य जॉर्जियात शिरले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये बुखारेस्टच्या परिषदेत नाटोने जॉर्जिया आणि युक्रेनला एक चमत्कारिक आश्वासन दिले होते: तुम्ही एके दिवशी सदस्य व्हाल. तो दिवस कधी आणि कोणत्या वाटेने येणार, हे सांगितलेच नव्हते. हे आश्वासन मॉस्कोला चिथावण्याइतके मोठे आणि त्या दोन देशांना वाचवण्याच्या दृष्टीने शून्य किमतीचे होते. सरहद्दीवरच्या देशाला अर्धवट शब्द देण्यासारखे घातक काही नाही. युक्रेनकडे तर १९९४ चा बुडापेस्टचा कागदही होता. आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रे सोडण्याच्या बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने त्याच्या सीमांचा आदर करण्याचे वचन त्यात दिले होते. मार्च २०१४ मध्ये क्रिमिया गेला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये संपूर्ण देशावर आक्रमण झाले. बाल्टिक देश आकाराने कितीतरी लहान, तेही एके काळी सोव्हिएत संघातच होते, एस्टोनिया-लात्व्हियात रशियन भाषकांची संख्या मोठी आणि मॉस्कोच्या तक्रारीही तशाच. तरी त्यांच्या सरहद्दीवरून रणगाडे आले नाहीत. यामागे सदस्यत्व हे एकच कारण आहे असे सिद्ध करता येणार नाही, कारण न झालेल्या हल्ल्याचा पुरावा मिळत नसतो. पण या तुलनेकडे डोळेझाक करणेही कठीण आहे.

क्रिमियानंतर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा ३ सप्टेंबर २०१४ रोजी एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनला, गेले आणि तिथे म्हणाले की टॅलिन, रिगा आणि विल्नियसचे रक्षण हे बर्लिन, पॅरिस आणि लंडनच्या रक्षणाइतकेच महत्त्वाचे आहे. दोनच दिवसांनी रशियन हेरखात्याने एस्टोनियाच्या सुरक्षा विभागाचा एक अधिकारी सरहद्दीवरून उचलून नेला. वर्षभर त्याला तुरुंगात ठेवले आणि मग अदलाबदलीत सोडले. शब्दांना मिळालेले हे उत्तर होते.

२०१६ मध्ये रँड या अमेरिकी संशोधन संस्थेने आपल्या युद्धाभ्यासांचे निष्कर्ष छापले. आहे त्या परिस्थितीत रशियन फौजा फार तर ६० तासांत टॅलिन आणि रिगाच्या वेशीवर पोहोचतील, हा त्यांचा सर्वाधिक गाजलेला आकडा. त्याच वर्षी जुलैत वॉर्साच्या परिषदेत नाटोने निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये चार बहुराष्ट्रीय तुकड्या सरहद्दीवर आल्या: एस्टोनियातल्या टापाला ब्रिटनच्या नेतृत्वाखाली, लात्व्हियातल्या आदाझीला कॅनडाच्या, लिथुआनियातल्या रुक्लाला जर्मनीच्या आणि ईशान्य पोलंडमध्ये अमेरिकेच्या. प्रत्येकी साधारण हजार-बाराशे सैनिक. लात्व्हियातल्या तुकडीत सुरुवातीलाच कॅनडाबरोबर इटली, स्पेन, पोलंड, स्लोव्हेनिया आणि अल्बानियाचे सैनिक होते. शीतयुद्धातली देशवार पट्ट्यांची मांडणी आता एकाच छावणीत उतरली होती. १९९७ चा शब्द मोडू नये म्हणून या तुकड्या 'कायमच्या' नव्हत्या. ठरावीक महिन्यांनी माणसे बदलत, छावणी तीच राही.

हजार सैनिक रशियन लष्कराला थोपवणार नाहीत, हे ते पाठवणाऱ्यांनाही ठाऊक होते. बर्लिनचाच तर्क इथेही होता. त्यांच्या अंगावर गेल्याशिवाय पुढे जाता येऊ नये आणि गेल्यास लंडन, बर्लिन, ओटावा, माद्रिद, रोम सगळ्यांशी एकदमच युद्ध सुरू व्हावे. या तुकड्यांच्या बदनामीचा खटाटोप लगेच सुरू झाला, यावरून त्या कुणाला तरी खुपत होत्या हे कळते. फेब्रुवारी २०१७ मध्ये लिथुआनियात जर्मन सैनिकांनी एका मुलीवर बलात्कार केल्याची खोटी ईमेल पसरवली गेली. पोलिसांनी तपास करून ती धादांत खोटी असल्याचे जाहीर केले, म्हणून ते प्रकरण तिथेच विझले.

पण या तर्काला एक भेग आहे आणि अभ्यासकांनी तिच्यावर बोट ठेवले आहे. डॅन रायटर आणि पॉल पोस्ट या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडले की मूठभर सैनिक मारले गेले म्हणजे त्यांचा देश आपोआप मोठ्या युद्धात उतरतोच, असे इतिहास सांगत नाही. आक्रमकालाही हे ठाऊक असते. त्याने रातोरात नार्वासारखा एखादा तुकडा घेतला, लगेच युद्धविरामाची भाषा सुरू केली आणि वर अण्वस्त्रांची आठवण करून दिली, तर? मग पहिले पाऊल टाकण्याची पाळी नाटोवर येते. बचाव करणाऱ्यालाच हल्ला करावा लागतो, आणि लोकशाही देशांत त्यासाठी मते मिळवणे सर्वांत अवघड.

जून २०२२ मध्ये एस्टोनियाच्या तेव्हाच्या पंतप्रधान काया कालास यांनी पत्रकारांसमोर हे उघडपणे मांडले. नाटोच्या त्या वेळच्या योजनेनुसार बाल्टिक देश आधी गमवायचे आणि १८० दिवसांनी सोडवायचे, असे त्या म्हणाल्या. तोवर देश, लोक, टॅलिनचे जुने शहर, काहीच उरणार नाही. दोनच महिन्यांपूर्वी कीव्हजवळच्या बुचातले नागरिकांचे हत्याकांड जगाने पाहिले होते. रशियन फौजा तिथे महिनाभरच होत्या. १९४१ च्या मालगाड्या ज्यांच्या घरातून माणसे घेऊन गेल्या, त्यांना 'नंतर मुक्त करू' या आश्वासनाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मोठ्या देशाला गमावलेला प्रांत परत घेता येतो. साडेतेरा लाखांच्या एस्टोनियाला सहा महिन्यांचा ताबा म्हणजे एक पिढी.

त्याच जूनअखेर माद्रिदमध्ये नाटोने भूमिका बदलली. गरज पडल्यास तुकड्यांच्या ब्रिगेड करायच्या आणि पहिल्या इंचापासून बचाव करायचा, असे ठरले. २०२३ च्या विल्नियस परिषदेत शीतयुद्धानंतर प्रथमच प्रदेशवार सविस्तर योजना संमत झाल्या. कोणत्या देशाचे कोणते दल कुठे जाणार, हे आधीच ठरू लागले. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये सदस्य झाला. रशियाशी नाटोची सरहद्द १,३४० किलोमीटरने वाढली आणि बाल्टिक समुद्राचा जवळपास सगळा किनारा सदस्यांच्या हाती आला. सुवाल्कीच्या खिंडीवरचा भारही हलका झाला, कारण आता समुद्रमार्गे स्वीडनच्या बाजूने कुमक आणता येते.

सर्वांत मोठे पाऊल जर्मनीचे. एप्रिल २०२५ मध्ये लिथुआनियात ४५ वी पॅन्झर ब्रिगेड स्थापन झाली. २०२७ पर्यंत सुमारे ४,८०० सैनिक आणि २०० नागरी कर्मचारी तिथे कायमचे राहणार, हवे असल्यास कुटुंबांसह. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीने पूर्ण ब्रिगेड परदेशात कायमची वसवण्याची ही पहिली वेळ.

सरहद्दीवरचे देश हातावर हात धरून बसलेले नाहीत. करारातले कलम तीन प्रत्येकाला स्वतःची ताकद राखायला सांगते. एस्टोनियाने सक्तीची लष्करसेवा कधी बंद केलीच नाही; लिथुआनियाने ती २०१५ मध्ये आणि लात्व्हियाने २०२३ मध्ये परत आणली. जानेवारी २०२४ मध्ये तिघांनी मिळून सरहद्दीवर संरक्षक फळी बांधायचे ठरवले. एकट्या एस्टोनियाच्या वाट्याला सुमारे ६०० बंकर आले. अमेरिकेवरचे ११ सप्टेंबर २००१ चे हल्ले हे कलम पाच लागू होण्याचे आजवरचे एकमेव निमित्त, हेही विसरू नये. तेव्हा नाटोत नसलेल्या एस्टोनियाचे नऊ सैनिक पुढे अफगाणिस्तानात पडले. छोट्यांना मोठ्यांचे ओझे म्हणणाऱ्यांनी ही नऊ नावे आधी वाचावीत.

तरीही शंका मोठ्यांच्याच बाजूने येते. पॅरिससाठी अमेरिका न्यूयॉर्क पणाला लावील का, असे फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी १९६१ मध्येच अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना विचारले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी प्रचारसभेत सांगितले की संरक्षणावर पुरेसा खर्च न करणाऱ्या सदस्याला आपण वाचवणार नाही, उलट रशियाला हवे ते करायला सांगू. अशा एका वाक्याने बंकर पडत नाहीत, पण शत्रूच्या मनातला हिशेब बदलतो. जून २०२५ च्या हेग परिषदेत २०३५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या पाच टक्के संरक्षण आणि सुरक्षेवर खर्च करण्याचे सदस्यांनी मान्य केले, त्यामागे हाच दबाव होता.

दरम्यान, कलम पाचच्या उंबरठ्याखालून चाचपणी चालू आहे. २००७ मध्ये एस्टोनियाच्या बँका आणि सरकारी संकेतस्थळांवर सायबर हल्ले झाले. २०२४ च्या नाताळच्या दिवशी फिनलंड-एस्टोनियामधली वीजवाहिनी समुद्रतळाशी निकामी झाली आणि रशियन तेल वाहणाऱ्या एका टँकरवर संशय गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये एका रात्रीत सुमारे वीस ड्रोन पोलंडच्या आकाशात शिरले आणि त्यांतले काही नाटोच्या विमानांनी पाडले. १९ तारखेला तीन रशियन मिग-३१ विमाने फिनलंडच्या आखातावर एस्टोनियाच्या हद्दीत बारा मिनिटे राहिली. युद्ध पुकारावे इतके यातले काहीच मोठे नाही आणि दुर्लक्ष करावे इतके लहानही नाही. ड्रोन आणि मिगच्या दोन्ही प्रसंगी संबंधित देशाने कलम चारखाली सर्व सदस्यांना सल्लामसलतीला बसवले.

सध्या सगळ्यांत जास्त काम बाकी आहे ते रस्ते, पूल आणि रूळ यांचे. तिन्ही देशांतले जुने रेल्वेमार्ग रशियन मापाचे आहेत, दोन रुळांत १,५२० मिलिमीटर अंतर. युरोपचे माप १,४३५. जर्मनीहून निघालेला रणगाडा थेट टापाला पोहोचत नाही. मध्येच उतरवून दुसऱ्या गाडीवर चढवावा लागतो किंवा जहाजाने न्यावा लागतो. पोलंडच्या सीमेपासून टॅलिनपर्यंत युरोपीय मापाचा ८७० किलोमीटरचा 'रेल बाल्टिका' मार्ग बांधला जात आहे. तो २०३० मध्ये सुरू व्हावा असे ठरले आहे. खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आहे, आणि तरीही तिन्ही सरकारांनी तो सोडलेला नाही.